वजनाची जागा रिकामी

"तराजू धुतला का?" उटगीकर सरांनी विचारलं.

"धुतला. पेशंटलाही धुतलंय," मी म्हटलं. "आधी तिचं विचाराल असं वाटलं होतं."

सर हसले नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी ते हसत नसत. हसू फोटोसाठी राखून ठेवत.

तराजू शेजारच्या लिंगाप्पा वाण्याच्या दुकानातला होता. एरवी त्यात गूळ आणि शेंगदाणे जोखायचे. आमच्याकडे पोटाचं मोठं ऑपरेशन निघालं की अर्ध्या दिवसापुरता तो वैद्यकीय सेवेत दाखल व्हायचा. ऑपरेशन संपलं की सर बाहेर पायऱ्यांवर यायचे, मागे मी स्टीलच्या ट्रेमध्ये निघालेला गोळा घेऊन, आणि माझ्या मागे दवाखान्यातली मावशी तराजू घेऊन. चार लोकांदेखत गोळा जोखला जायचा, फोटो निघायचे, नगराध्यक्ष हार घालायचे. हार सरांना, गोळ्याला नव्हे. ज्या बाईच्या पोटातून तो निघाला ती आत गुंगीत पडलेली असायची, तिला कुणी बोलवायचं नाही. लिंगाप्पाची तक्रार एकच, "सिस्टर, परत देताना फिनेलचा वास घालवा की हो, गिऱ्हाईक गूळ परत आणतंय."

ही गोष्ट शहाण्णव सालची. सांगलीपासून एस.टी.नं अडीच तासांवर आमचं तालुक्याचं गाव. पाण्याचा दुष्काळ आणि डॉक्टरांचा सुकाळ. मी रेबेका अवघडे, मिशनच्या दवाखान्यात शिकून तयार झालेली थिएटर सिस्टर. गावाला 'रेबेका' म्हणता यायचं नाही, म्हणून मी रेबका. सरांकडे येऊन मला अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत नोकरी सोडते म्हणून मी त्यांना निदान अकराशे वेळा सांगितलं असेल.

खोटं कशाला बोलू, हात सोन्याचे होते त्यांचे. फाटलेलं आतडं असं शिवायचे की मी बघत राहायचे. पण त्यांना एक रोग होता आणि त्या रोगाचं नाव 'दुर्मीळ'. साधं अपेंडिक्स काढलं तरी ते दुर्मीळ जागी सापडायचं. हर्निया दुर्मीळ आकाराचा असायचा. ओपीडीच्या भिंतीवर चौदा कात्रणं फ्रेम करून लावली होती, देवांच्या फोटोंपेक्षा सहा जास्त. त्यात जानेवारीत रस्त्यापलीकडच्या डॉ. बुरुडांनी एका बाईच्या पोटातून सहा किलोचा गोळा काढला आणि बातमी थेट जिल्ह्याच्या पेपरात आली. तेव्हापासून सरांना जेवण गोड लागत नव्हतं.

अशा मुहूर्तावर कौसल आली.

कौसल बिरू कोळेकर, वय एकोणीस, धनगराची पोर. बापाच्या मेंढरांमागं वर्षातले आठ महिने चालायची. आज ह्या शिवारात, उद्या त्या. दवाखाना म्हणजे वाटेत लागला तर लागला. तेव्हा गावाबाहेरच्या माळावर त्यांची पालं पडली होती. वर्षभर तिच्या पोटात कळा येत होत्या. कळ आली की ती मेंढरांतच आडवी व्हायची. बेंबीखाली नारळाएवढी गाठ हाताला लागत होती.

"डाक्टरसाब, ही गाठ हिंडती," ती म्हणाली. "सकाळी हितं असती, दुपारी तिथं. कुशीवर झोपलं की ह्या अंगाला येती."

"गाठ हिंडत नसते," सर म्हणाले.

"मग मी काय लबाड बोलते व्हय? आमच्या संगं ऱ्हाऊन तिलाबी हिंडायची सवय लागलीया."

तिचा बाप, बिरूतात्या, खुदकन हसला. मीही हसले. सर कागद वाचत होते. सांगलीहून सोनोग्राफी करून आणली होती आणि त्यात दोनच ओळी होत्या. पहिली: ओटीपोटात मोठी घट्ट गाठ, बहुधा अंडाशयाची. दुसरी: डाव्या बरगडीखाली प्लीहा दिसली नाही, वायूमुळे असावं. पहिली ओळ सरांनी मला मोठ्यानं वाचून दाखवली. दुसरी मी त्यांच्या खांद्यावरून वाचली.

"पोरगी चालंल न्हवं?" बिरूतात्यानं विचारलं. "चारा संपलाय. दोन महिन्यांत आमाला घाट उतरायचाय. बसून ऱ्हायली तर तिला कुटं ठेवू?"

"चालेल? अहो, पळेल!" सर म्हणाले, आणि त्यांची नजर भिंतीवर पंधराव्या फ्रेमसाठी जागा शोधायला लागली. मी पाहिलं ना.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे प्रेसनोटचं काम माझ्याकडेच असायचं.

"लिहा सिस्टर. 'येथील सुप्रसिद्ध शल्यविशारद डॉ. प्रभंजन उटगीकर यांनी एका गरीब धनगर युवतीच्या पोटातून तब्बल अमुक किलो वजनाचा अत्यंत दुर्मीळ गोळा काढून तिला जीवदान दिले.'"

"सर, ऑपरेशन उद्या आहे."

"मग? अंक उद्या संध्याकाळी छापायला जातो. गुंडोपंतांना अकरा वाजता बोलावलंय. वजनाची जागा रिकामी ठेवा."

"जीवदानाचीही रिकामी ठेवू का?"

"सिस्टर, तुमची जीभ एक दिवस तुम्हाला बेकार करणार आहे."

गुंडोपंत म्हणजे साप्ताहिक 'खणखणीत'चे संपादक, वार्ताहर, छायाचित्रकार आणि अंक सायकलवरून वाटणारेही तेच. ते येणार म्हणजे बाकीचे दोघे वार्ताहर येणार, नगराध्यक्ष येणार, माईक येणार. पोरीचं पोट अजून उघडलं नव्हतं, पण मांडव पडला होता.

आता त्या सकाळवर येते. तराजू धुण्याच्या आधी तासभर मी कौसलला तयार करत होते. पोट साबणानं धुताना माझा हात त्या गाठीवर गेला, आणि तिथंच थांबला. गाठीच्या काठाला एक खाच होती. अंगठा बसेल एवढी.

मिशनच्या दवाखान्यात आमच्या डॉ. रूथ मॅडम होत्या. कडक बाई. सहावारी पातळ, पायात बूट, आणि बोलणं चाबकासारखं. त्यांनी मला हे शिकवलं होतं: पोटातल्या गाठीला काठ असला आणि काठाला खाच असली, तर ती गाठ नव्हे, प्लीहा. आणि प्लीहेला जागेवर धरून ठेवणारे बंध काही माणसांत जन्मापासूनच ढिले असतात, मग ती लांब देठावर लोंबत पोटभर फिरते. हजारोंत एखादा माणूस असा. म्हणजे खरंच दुर्मीळ. सरांनी चौदा वेळा छापून आणलेला शब्द पंधराव्या वेळी खरा ठरणार होता आणि त्यांना पत्ताच नव्हता.

मी केबिनकडे धावले. सर आरशासमोर भांग पाडत होते.

"सर, गाठीला खाच आहे. प्लीहा असेल. रिपोर्टातली दुसरी ओळ बघा, प्लीहा जागेवर दिसलेलीच नाही."

"वायूमुळे, सिस्टर. लिहिलंय तिथं."

"पोरगी सांगतेय की गाठ हिंडते."

"पोरगी मेंढरं राखते. आणि तुम्ही," सरांनी कंगवा खिशात घातला, "तुम्ही साबण आणि वस्तरा सांभाळा. पोट मी सांभाळतो."

मी गेले आणि कौसलच्या उशाशी दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहिले. मिशनची सवय, टेबलावर घ्यायच्या आधी प्रार्थना.

"बाई, काय पुटपुटताय?" तिनं विचारलं.

"तुझ्यासाठी सांगतेय देवाला."

"माज्या बिरोबालाबी सांगा मग. त्यो तुमच्या देवाला वळखत असंल." मग तिनं माझं मनगट धरलं. "बाई, मी परत मेंढरांमागं जाईन न्हवं? पालात बसून भाकरी थापायची माजी सवय न्हाई."

"जाशील," मी म्हटलं. जिभेवर ताबा नाही तो असा.

कारण मला दरीबा गावचा एक पोरगा आठवत होता. ट्रॅक्टरखाली येऊन त्याची प्लीहा फुटली होती. सरांनी ती काढून त्याला वाचवलं. तिथं दुसरा इलाजच नव्हता. सरांनीच त्याच्या आईला बजावलं होतं, प्लीहा नसलेल्या माणसाला साधा तापसुद्धा नेतो, कणकण वाटली तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. आईनं मान हलवली होती. दीड वर्षानं त्याला सकाळी ताप भरला, घरच्यांनी म्हटलं दुपारी बघू, आणि संध्याकाळी पोरगा संपला. तो तर दवाखान्यापासून सात मैलांवर राहत होता. कौसल घाटात असणार होती.

साडेदहाला पोट उघडलं. भूल द्यायला सांगलीचे डॉ. पेठे. एका ऑपरेशनमागे चार शब्द बोलणारा माणूस. त्यांतले दोन 'झोपली' आणि 'उठली'. बाहेर माईक तपासत होते. हॅलो, हॅलो, वन टू थ्री.

दोन्ही अंडाशयं जागच्या जागी, शहाण्यासारखी. सरांनी हात आणखी खाली घातला आणि गोळा वर काढला. गुळगुळीत, काळानिळा. काठाला खाच. मागं वीतभर लांब देठ, आणि त्या देठाला दीड पीळ बसलेला. वर्षभर त्या पोरीला कळा येत होत्या त्या ह्या पिळाच्या.



"प्लीहा," सर म्हणाले.

मी सांगितलं होतं, असं मी म्हटलं नाही. अकरा वर्षांत अशी संधी मी पहिल्यांदा सोडली. सरांनी देठाचा पीळ उलगडला. रंग तसाच राहिला.

"मेलेली आहे," ते म्हणाले. "काढावी लागेल. क्लॅम्प."

"सर, पीळ आत्ताच सुटलाय. गरम मॉप ठेवून दहा मिनिटं बघू या. रूथ मॅडम—"

"तुमच्या रूथ मॅडमसाठी बाहेर कोणी थांबलेलं नसायचं. क्लॅम्प!"

म्हणाले आणि स्वतःच चपापले. पेठ्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं. बाहेर माईकवरून कुणीतरी 'थोड्याच वेळात' असं काहीतरी सांगत होतं.

आता मॉप म्हणजे काय ते सांगते. पोटातलं रक्त टिपायला, आतडी झाकायला कोपऱ्याला पांढरी नाडी शिवलेले कापडाचे जाड चौकोन वापरतात, ते मॉप. किती आत गेले आणि किती बाहेर आले हे मोजणं सिस्टरचं काम. आमच्या थिएटरच्या भिंतीवर लाल रंगानं लिहिलेलं होतं: 'सिस्टर म्हणाल्या की मोजणी, मोजणी जुळेपर्यंत हात बंद. — डॉ. प्र. उटगीकर.' शिकाऊ असताना त्यांनी कुठंतरी एका बाईच्या पोटात राहिलेला मॉप सहा महिन्यांनी बाहेर काढताना पाहिला होता. कुणी ठेवला होता ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण हा एक नियम त्यांनी आयुष्यात मोडला नव्हता.

क्लॅम्प, म्हणजे रक्तवाहिनी आवळायचा चिमटा, माझ्या हातात होता. देठावर तो बसला की पुढं बोलण्यासारखं काही उरत नाही. मी तो ट्रॉलीवर परत ठेवला. ठेवताना कडेचा एक मॉप खाली पडू दिला आणि त्यावर पाय दिला.

"सर, मोजणी. एक मॉप कमी आहे."

सरांचे हात जागच्या जागी थांबले.

"किती दिलेत?"

"बारा."

"आता किती?"

"अकरा."

"परत मोजा."

मी परत मोजले. सावकाश, बालवाडीतल्या बाईसारखे. अकराच भरले, बारावा माझ्या हवाई चपलेखाली होता, भरणार कुठून? प्रभू, मला माफ कर, पण आणखी नऊ मिनिटं दे, असं मनात चाललं होतं. हात मात्र कामाला लागले होते. गरम सलाईनमध्ये दोन मॉप भिजवून मी प्लीहेवर पसरले.

"हे कशाला?" सरांनी विचारलं.

"तुम्ही शोधताय तोवर उघडी पडून सुकायला नको."

सर शोधायला लागले. आतड्यांचं वेटोळं न् वेटोळं उचलून पाहिलं. यकृताच्या मागं हात घातला, ओटीपोटात घातला, परत यकृताच्या मागं. कपाळावर घाम. मी एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर ठेवला होता. तीन मिनिटं. चार. एकदा त्यांनी कंबर सरळ केली आणि खाली फरशीकडं पाहिलं. मी चपलेवर आणखी भार दिला. मग ते परत पोटात वाकले.

मावशीनं दारातून डोकं आत घातलं. "सायेब, नगराध्यक्ष विचारत्यात, किती किलो झाला?"

"सांग, अजून जोखतोय," मीच म्हटलं.

सात मिनिटं. आठ. गरम सलाईन संपत आलं तसं मी उरलेलं सगळं ओतलं. नऊ मिनिटं झाली आणि पेठे स्टुलावरून उठले. हा माणूस ऑपरेशनच्या मध्ये उठलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी पडद्यावरून मान लांबवली, मी मॉपचा कोपरा उचलला.

"प्रभंजन," पेठे म्हणाले, "रंग बघ."

काळेपणा गेला होता. निळं जाऊन तांबूस चढत होतं, खाचेपासून सुरू होऊन हळूहळू सगळीकडं. सरांनी देठ दोन बोटांत धरला.

"ठोके लागतायत," ते म्हणाले. "लागतायत ठोके."

"मॉप सापडला, सर," मी म्हटलं. "टेबलाखाली पडला होता."

"बरं झालं," सर म्हणाले.

आता खरी पंचाईत. तशीच सोडून दिली तर आज ना उद्या पुन्हा पीळ बसणार. ती जागेवर बसवायला हवी होती. सर मग जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून ना आधी ऐकलं होतं ना नंतर ऐकलं.

"हे मी कधी केलेलं नाही."

"मग आज करा," पेठे म्हणाले. त्या दिवशी त्यांनी महिन्याभराचे शब्द खर्चले.

केबिनमधलं जाडजूड लाल पुस्तक मागवलं. मावशीनं ते दोन हातांत धरलं, आधी उलटं, मग सुलटं. मी पान सांगायचे, ती उलटायची, सर वाचायचे आणि करायचे. डाव्या बरगडीखाली, पोटाच्या आतल्या अस्तराच्या मागं, एक खिसा तयार केला. शर्टाला असतो तसा. त्यात ती हिंडफिरी प्लीहा अलगद बसवली आणि खिशाचं तोंड देठाला जागा ठेवून शिवलं. चौदा फ्रेममधलं एकही ऑपरेशन ह्याच्या पासंगाला पुरलं नसतं. मावशीचे हात भरून आले, पण तिनं पुस्तक खाली घेतलं नाही. मोजणी केली. बारा.

दीड वाजता पोट शिवून झालं. पेठे म्हणाले, "उठली."

मी सवयीनं ट्रे उचलला, आणि मग लक्षात आलं की त्यात ठेवायला काहीच नाही. सरांच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. ते मास्क हातात घेऊन ट्रेकडं बघत राहिले. मला त्यांची कीव यायला लागली होती, आणि कीव आली की माझी जीभ जास्तच चालते.

"सोमवारच्या बाईची गाठ आहे की बरणीत," मी म्हटलं. "अजून तपासायला गेली नाही. दोन किलो सहज भरेल. लिंगाप्पाचा तराजू असला तर अडीच."

मी टोमणाच मारला होता. पण सरांनी बरणीच्या कपाटाकडं पाहिलं. पाहिलं, आणि नजर तिथून निघेना. बाहेर नगराध्यक्षांचा चौथा चहा चालला होता. म्हटलं, रेबेका, कशाला बोललीस?

"त्या बाईला विचारलंत?" सर म्हणाले.

"नाही."

"मग?"

आणि ते तसेच बाहेर चालू पडले. मी मागं रिकामा ट्रे घेऊन, माझ्या मागं मावशी तराजू घेऊन. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"डॉक्टर, गोळा?" गुंडोपंतांनी कॅमेरा डोळ्याला लावूनच विचारलं.

"गोळा नव्हता. प्लीहा जागा सोडून खाली आली होती. ती परत जागेवर बसवली."

"म्हणजे काढलं काय?"

"काही नाही."

"मग पोट कशाला उघडलं?"

सरांनी सांगायचा प्रयत्न केला. खिसा, देठ, पीळ. पाच मिनिटांत एक वार्ताहर घड्याळ बघायला लागला. नगराध्यक्षांनी हार परत पिशवीत ठेवला. संध्याकाळी त्यांचं दुसरीकडं उद्घाटन होतं. बिरूतात्या तेवढा पुढं झाला.

"डाक्टरसाब, चालंल न्हवं?"

"चालेल," सर म्हणाले. ह्या वेळी पळेल म्हणाले नाहीत.

'खणखणीत'नं पहिल्या पानावर छापलं: 'उटगीकरांनी पोट फाडले, गोळा गायब! गरीब धनगर युवतीची क्रूर थट्टा?' प्रश्नचिन्ह गुंडोपंतांनी कोर्टाच्या भीतीनं टाकलं होतं. समोर डॉ. बुरुडांच्या ओपीडीत त्या अंकाच्या वीस प्रती टेबलावर मांडून ठेवलेल्या मी स्वतः मोजल्या. तीन-चार महिने आमच्याकडं फोड आणि खरूज एवढंच येत होतं. सर चकार शब्द बोलले नाहीत. मी प्रेसनोट शोधली, म्हटलं फाडून टाकावी, पण ती मिळाली नाही. तराजू मात्र लिंगाप्पाकडं गेला तो परत आला नाही, आणि गिऱ्हाइकांनी गूळ परत करणं थांबवलं.

कौसल दहाव्या दिवशी माळावर चालत गेली आणि दोन महिन्यांनी मेंढरांमागं. परतीच्या वाटेवर दर वर्षी यायची. मला मूठभर लोकर, सरांना ताकाची लोटी. तिसऱ्या वर्षी आली तेव्हा गालफडं बसलेली होती.

"घाटात ताप भरला हुता, बाई. चार दिस पडून ऱ्हायले. दवाखाना कुटला तितं? पाचव्या दिशी आपसूक उतरला. मग काय, उठले आन् चालाय लागले."

ती हे ताकाची लोटी पुसता पुसता सांगत होती. सर ओपीडीत पेशंट तपासत होते, त्यांनी ऐकलं. हातातलं स्टेथोस्कोप टेबलावर ठेवून ते आत केबिनमध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. पेशंट शर्ट वर करून तसाच बसून राहिला.

दोन हजार अकरा साली सरांनी दवाखाना बंद केला. मुलगा परदेशात, गुडघे गेलेले. सामान आवरायला मी गेले होते. एक-एक फ्रेम उतरवून मावशीच्या सुनेकडं देत होते.

"ह्या रद्दीत घालू का जपून ठेवू?" मी विचारलं.

"रद्दीत," सर म्हणाले. "काचा वेगळ्या काढा, कुणाला तरी लागतील." मग त्यांनी खणातून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. "हा तुमचा. अक्षर तुमचं आहे."

ती प्रेसनोट होती. 'एका गरीब धनगर युवतीच्या पोटातून तब्बल', आणि पुढं मी वजनासाठी सोडलेली रिकामी जागा. ती आता रिकामी नव्हती. सरांच्या गिचमिड अक्षरात तिथं लिहिलं होतं: 'काही नाही. बारावा मॉप सिस्टरांच्या उजव्या चपलेखाली.'

मी ती ओळ दोनदा वाचली. पंधरा वर्षं मी हे पाप एकटीनं सांभाळलं होतं. चर्चच्या पाळकांनासुद्धा अर्धंच सांगितलं होतं.

"तुम्हाला दिसला होता?"

"मॉपची नाडी बाहेर आलेली होती की चपलेच्या. पांढरी."

"मग तेव्हाच का नाही बोललात? शोधत कशाला बसलात?"

सर खिडकीतून समोर बुरुडांच्या नव्या इमारतीकडं बघत होते.

"बाहेर माईक चालू होता, सिस्टर. तुम्ही तो क्लॅम्प दिला असतात ना, तर मी लावला असता. ती दहा मिनिटं मलाही हवी होती. पण मागणार कुणाकडं? माझ्याच थिएटरात?"

मी डोळे पुसले आणि तोंडाला आलं ते बोलले.

"यकृताच्या मागं दोनदा हात घातलात तुम्ही. घाम फुटला होता तुम्हाला."

"तीनदा," सर म्हणाले.